मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला नाटकं बघायला जाताना: आधी तिसरी घंटा, मग गाडीचं तिकीट

दरवर्षी महाशिवरात्र ते पाडवा या दिवसांत आम्ही लातूरहून सात-आठ जण पुण्याला किंवा मुंबईला नाटकं बघायला जातो. थंडी ओसरलेली असते आणि ऊन अजून सोसवतं. रब्बीची काढणी घरोघरी वेगवेगळ्या आठवड्यांत उरकते, त्यामुळे कोणाचा ना कोणाचा शनिवार-रविवार मोकळा असतोच. ओळखीतले बरेच जण असं जातात आणि अर्धं नाटक बघून परत येतात. कोणी पहिल्या अंकाला पोचत नाही, कोणी गाडी सुटेल म्हणून दुसऱ्या अंकातून उठतो, कोणी भलत्याच नाट्यगृहाच्या दारात उभा राहतो.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. लोक गाडी ठरवतात, मग लॉज, मग सोयऱ्यांकडचं जेवण, आणि उरलेल्या वेळात नाटक बसवतात. क्रम उलटा हवा. तिसरी घंटा, म्हणजे पडदा उघडतानाची शेवटची घंटा, किती वाजता होणार तिथून मागे मोजत यायचं आणि बाकी सगळं त्याभोवती बांधायचं. खालचे टप्पे मात्र कामं करायच्या क्रमाने दिले आहेत, गाडीचं आरक्षण लवकर उघडतं म्हणून ते आधी येतं. मधला टप्पा गाळू नका.

टप्पा १: नाटक आपल्याकडेच येत नाहीये ना, हे बघा

व्यावसायिक नाटकांचे दौरे मराठवाड्यात होतात. छत्रपती संभाजीनगरला संत एकनाथ रंगमंदिर आणि सिडकोतलं संत तुकाराम नाट्यगृह, नांदेडला शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह, लातूरला दयानंद सभागृह इथे प्रयोग लागतात. जे नाटक दोन आठवड्यांनी संभाजीनगरला येणार आहे, त्यासाठी जालन्याच्या माणसाने पुणं गाठायचं कारण नाही. निर्मात्या संस्थेच्या फेसबुक किंवा इन्स्टाग्राम पानावर महिन्याचं वेळापत्रक असतं. दौऱ्याच्या तारखा तिथे दिसतात.

पुण्या-मुंबईला जायचं ते दौऱ्यावर न निघणाऱ्या नाटकांसाठी. मोठा सेट असलेली, बरेच कलाकार असलेली किंवा छोट्या जागेतली प्रायोगिक नाटकं आपल्याकडे क्वचित येतात. पुण्यातला शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच किंवा मुंबईतलं जुहूचं पृथ्वी थिएटर इथली नाटकं तिथेच जाऊन बघावी लागतात.

टप्पा २: नाटक नव्हे, शनिवार-रविवार ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नाटकाची जाहिरात आणि तिकीटविक्री मात्र बहुधा प्रयोगाच्या आठ-पंधरा दिवस आधी सुरू होते. म्हणजे गाडीचं तिकीट काढताना त्या तारखेला कोणतं नाटक कुठे आहे हे माहीत नसतं. नाटकाची जाहिरात येईपर्यंत थांबलात तर गाडी वेटिंगवर जाते.

म्हणून एकाच नाटकावर जीव ठेवून तारीख ठरवू नका. शनिवार-रविवार ठरवा. पुण्या-मुंबईत शनिवारी आणि रविवारी बहुतेक मोठ्या नाट्यगृहांत दुपारी, संध्याकाळी किंवा रात्री काही ना काही असतंच. बघायची इच्छा असलेल्या चार-पाच नाटकांची यादी करून ठेवा. त्यातली दोन तुमच्या शनिवार-रविवारी सापडण्याची शक्यता चांगली असते.

दिनदर्शिका उघडून या गोष्टी तपासा:

- महाशिवरात्रीच्या आगेमागे दोन दिवस सोडा. परळी, औंढा नागनाथ आणि वेरूळचा घृष्णेश्वर अशी तीन ज्योतिर्लिंगं आपल्याच भागात आहेत. त्या दिवसांत एसटीच्या गाड्या यात्रेकडे वळतात आणि परळीवरून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.
- होळी आणि धुळवड शनिवार-रविवारला लागून आली असेल तर तो आठवडा नको. धुळवडीच्या दिवशी दुपारपर्यंत शहरात रिक्षा मिळणंही अवघड होतं.
- घरात दहावी-बारावीचं लेकरू असेल तर मार्चचा मध्य उलटल्यावरच निघा. नसेल तर परीक्षेचे दिवस उलट सोयीचे पडतात. शहरातली कुटुंबं घरी बसलेली असतात आणि चांगल्या रांगेतल्या खुर्च्या आरामात मिळतात.
- गुढीपाडव्याला जोडून सुट्टी आली तर नाट्यगृहं भरतात. जायला हरकत नाही, मात्र तिकीट पहिल्याच दिवशी काढा.

⚠ सोयऱ्यांच्या लग्नाला जोडून नाटकाचा बेत करू नका. लग्न वेळेवर लागत नाही आणि नाटक कोणासाठी थांबत नाही.

टप्पा ३: गाडी

लातूर-मुंबई एक्सप्रेस आमच्या बाजूला सगळ्यात सोयीची. रात्री निघते, पहाटे अंधारातच पुणं येतं, सकाळी मुंबई. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरच्या लोकांना मुंबईसाठी देवगिरी रात्रभरात सकाळी पोचवते. तपोवन ही दिवसाची गाडी आहे, मुंबईत पोचेपर्यंत रात्र होते. त्या दिवशीचं नाटक तिच्या भरवशावर काढू नका. नांदेड-पनवेल परभणी, परळी, लातूर, कुर्डुवाडी अशी पुण्याला जाते.

६० दिवसांच्या हिशोबात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. आरक्षण सकाळी ८ वाजता उघडतं आणि शुक्रवार रात्रीची स्लीपर लवकर भरते. दोन्ही बाजूंची तिकिटं त्याच वेळी काढा. जातानाचं निश्चित आणि परतीचं वेटिंगवर, अशा अवस्थेत कोणाचंही नाटकात लक्ष लागत नाही. बेत बदललाच तर तिकीट होईल तितक्या लवकर रद्द करा, कापून जाणारी रक्कम कमी असते. तत्काळवर विसंबू नका. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला. तोवर नाटकाचे पैसे भरून झालेले असतात.

⚠ तारखेची चूक. पुण्याहून लातूरला परतताना गाडी मुंबईहून रात्री निघते आणि पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर येते. रविवारचं नाटक बघून त्याच रात्री बसायचं असेल तर पुण्यातून चढण्याची तारीख सोमवारची असते. एका वर्षी मी रविवारचं तिकीट काढलं होतं. पुणे स्टेशनवर रात्री साडेबाराला आठ माणसं सामानासह उभी, आणि आमच्या जागा चोवीस तास आधीच निघून गेलेल्या. ती रात्र आम्ही जनरलच्या डब्यात दाराजवळ बसून काढली. सोबत सत्तरीतल्या मावशी होत्या. तेव्हापासून चढण्याच्या स्टेशनची तारीख आणि वार मी कागदावर लिहून दुसऱ्या कोणालातरी वाचायला देतो. तुम्हीही द्या.

एसटीने जायचं असेल तर सवलती लक्षात घ्या. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ वर्षांपुढच्यांना मोफत. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा. चार बायका आणि दोन म्हातारी माणसं असतील तर खासगी ट्रॅव्हल्सपेक्षा खर्चात मोठा फरक पडतो. गाडी पुण्यात कुठे थांबणार हे तिकिटावर नीट वाचा. 'शिवाजीनगर' लिहिलं असलं तरी गाड्या काही वर्षांपासून वाकडेवाडीच्या स्थानकावर लागतात. खासगी गाड्या नगर रोडने आल्या तर वाघोली-खराडीला आणि सोलापूर रोडने आल्या तर हडपसरला उतरवतात. तिथून शहराच्या मध्यात यायला सकाळच्या गर्दीत तास सहज जातो.

टप्पा ४: जाहिरात वाचणं

प्रयोगाच्या दोन आठवडे आधीपासून शहरातल्या वर्तमानपत्राची पुणे किंवा मुंबई आवृत्ती ई-पेपरवर उघडा आणि नाटकांच्या जाहिरातींचं पान बघा. आपल्याकडे येणाऱ्या मराठवाडा आवृत्तीत ते पान नसतं. सोबत बुकमायशो आणि तिकिटालय ही दोन ॲप तपासा. एखादा प्रयोग एकावर असतो, दुसऱ्यावर नसतो.

जाहिरातीत जागा कमी असते म्हणून सगळं आखडून लिहितात. 'शनि. रात्रौ ८.३० शिवाजी', 'रवि. दु. ४ यशवंत', 'रवि. दु. १२.३० कोथरूड'. शहरातल्या माणसाला ते एका नजरेत कळतं. आपल्याला पाठ करावं लागतं, आणि इथे फसणारे दरवर्षी भेटतात:

- यशवंत म्हणजे मुंबईतलं माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर. यशवंतराव म्हणजे पुण्यात कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह. मुंबईत नरिमन पॉइंटला यशवंतराव चव्हाण सेंटर आहे, आणि बीडलाही यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे.
- अत्रे कल्याणलाही आहे आणि पिंपरीलाही.
- कालिदास मुलुंडचं आणि नाशिकचं. संभाजीनगरची माणसं या नावाला हमखास चकतात, कारण नाशिक त्यांना जवळ.
- चिंचवड लिहिलं असेल तर रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह. पुणे स्टेशनपासून ते बरंच लांब आहे, पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या शेजारचं समजू नका.
- गडकरी आणि घाणेकर दोन्ही ठाण्यात. दीनानाथ विलेपार्ले पूर्वेला, प्रबोधनकार बोरिवली पश्चिमेला, भावे वाशीला, फुले डोंबिवलीला.

ॲपवर 'मुंबई' निवडलं की ठाणे, वाशी, कल्याण, बोरिवली सगळं एकाच यादीत येतं. नाट्यगृहाचं पूर्ण नाव आणि उपनगर वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका.

मराठवाड्याच्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या गाड्या मुंबईत शिरताना कल्याण आणि ठाणे आधी लागतात. कल्याणचं अत्रे किंवा ठाण्याचं गडकरी इथे चांगलं नाटक असेल तर दादरपर्यंत जायची गरज नाही. मुक्कामही तिकडेच केला तर स्वस्त पडतो. बहुतेक जण 'मुंबईत नाटक म्हणजे दादरचं शिवाजी मंदिर' असं धरून बसतात आणि तेच नाटक त्याच शनिवारी कल्याणला असल्याचं त्यांना परत आल्यावर कळतं.

जाहिरातीत 'शुभारंभाचा प्रयोग' असेल तर माझा सल्ला, तो आपल्यासाठी सोडा. नव्या नाटकाचा वेळ सुरुवातीला मागेपुढे होतो आणि आपल्याला गाडी गाठायची असते. पंचवीस-तीस प्रयोग झालेलं नाटक बसलेलं असतं आणि किती वाजता सुटेल हे कोणीही सांगतं. एखाद्या कलाकारासाठीच जात असाल तर त्या प्रयोगाला तोच आहे ना, हे फोन करून विचारा. गाजलेल्या नाटकांत कलाकार बदलतात.

✔ तपासणी: पुढे जाण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहा. नाटक, वार-तारीख, वेळ, नाट्यगृहाचं पूर्ण नाव, भाग. हा कागद सोबतच्या प्रत्येकाच्या मोबाइलवर फोटो काढून पाठवा.

टप्पा ५: तिकीट

तिकीटविक्री सुरू झाली की नाट्यगृहाची माणसं 'प्लॅन उघडला' म्हणतात. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त निवड मिळते. नाट्यगृहाची खिडकी सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास चालू असते, दुपारी बहुधा बंद. पुण्यात भाचा-पुतण्या शिकायला असेल तर त्याला खिडकीवर पाठवा, समोर प्लॅन बघून खुर्च्या घेता येतात. नाहीतर ॲप आहेच.

तिकीट साधारण ३०० ते ५०० रुपयांच्या घरात, बाल्कनी त्याहून कमी. नावाजलेले कलाकार असतील तर दर वर जातो. चार जणांनी दोन नाटकं ४०० च्या तिकिटाने बघितली तर ३,२०० रुपये होतात.

खुर्च्या निवडताना पहिल्या दोन रांगा टाळा. रंगमंच उंच असतो, दोन-अडीच तास मान वर करून बसावं लागतं आणि मागच्या बाजूची हालचाल दिसत नाही. चौथ्यापासून दहाव्या रांगेपर्यंत मधल्या खुर्च्या उत्तम. सोबत गुडघेदुखीचं माणूस असेल तर त्याला मधली खुर्ची देऊ नका. वाटेच्या कडेची घ्या, म्हणजे मध्यंतरात उठून जाणं सोपं पडतं. बाल्कनीला जिने असतात, म्हाताऱ्यांसाठी ती नको.

पृथ्वीसारख्या छोट्या जागांत खुर्चीला नंबर नसतो. आधी येईल तो आधी बसेल, म्हणून रांगेत अर्धा-पाऊण तास आधी उभं राहा. आणि तिथे उशिरा आलेल्याला आत घेतच नाहीत, तिकीट हातात असलं तरी.

दोन दिवसांत दोन नाटकं, तीन नाही. तिसरं बसवायला गेलं की एक जेवण तुटतं, झोप तुटते, आणि तिसऱ्या नाटकात निम्मी मंडळी डुलक्या घेतात. मी तीन बसवून बघितली आहेत. घरी येऊन कोणता प्रसंग कोणत्या नाटकातला हे आम्हाला सांगता येईना.

टप्पा ६: तिसऱ्या घंटेपासून उलटा हिशोब

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि याच्यावर सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

काही वर्षांपूर्वी आम्ही शनिवारच्या साडेबाराच्या प्रयोगासाठी पहाटे चारला लातूरहून निघालो. सात तासांत पुणं, म्हणजे अकरा, हिशोब बरोबर होता. हडपसरच्या अलीकडे गाडी थांबली ती सव्वा तास हललीच नाही. बालगंधर्वला पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दारातल्या माणसाने बोटांनी बॅटरी झाकून फक्त एक तांबूस रेघ पायाखाली पाडली आणि "आवाज नको" एवढंच म्हणाला. मी मावशींचा हात धरला होता, त्या दुसऱ्या हाताने खुर्च्यांच्या पाठी चाचपत चालल्या होत्या. प्रत्येक पाठीवर आधीच कोणाचातरी खांदा होता. आमच्या खुर्च्या रांगेच्या मधोमध. अकरा माणसांना उठवत आम्ही गेलो आणि त्या सगळ्या वेळात रंगमंचावर एक बाई हळू आवाजात काहीतरी फार महत्त्वाचं सांगत होती. ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मावशी मध्यंतरात म्हणाल्या, "आपण लोकांचं नाटक मोडलं रे." ते मला फार लागलं.

म्हणून हा नियम: ज्या दिवशी गावाहून निघून शहरात पोचणार, त्या दिवशी दुपारचं नाटक नको. रात्रीच्या गाडीने सकाळी पोचलात तरीही संध्याकाळचंच घ्या. रेल्वे दोन-तीन तास उशिरा आली तरी बेत टिकला पाहिजे.

शनिवारी संध्याकाळी ५.३० चा प्रयोग धरून हिशोब असा मांडा:

१. ५.३०: तिसरी घंटा. पडदा उघडणार.
२. ५.००: सगळे नाट्यगृहाच्या दारात, तिकिटं हातात. पहिल्या घंटेला आत, खुर्चीवर.
३. ४.१५: लॉज सोडायचं. अंतर वीस मिनिटांचं असलं तरी सव्वाचारच. आठ माणसांना तीन रिक्षा लागतात आणि तिसरी लवकर मिळत नाही.
४. ३.३०: चहा, आवराआवर.
५. १.३० ते ३.३०: झोप. रात्रभर गाडीत काढली असेल तर ही झोप चुकवू नका. बाजारहाटाला जायचा आग्रह कोणी धरला तरी ऐकू नका.
६. १२.३०: जेवण, हलकं.
७. त्याआधी: खोली, आंघोळ.

दोन अंकी नाटक मध्यंतरासह सव्वादोन ते पावणेतीन तास चालतं. ५.३० चं नाटक सव्वाआठपर्यंत सुटेल असं धरा. नेमकी लांबी जाहिरातीत नसते, ॲपवर बघा.

✔ तपासणी: हिशोबातली कोणतीही एक गोष्ट एक तासाने लांबवून बघा. तरीही तिसरी घंटा गाठता येते का? येत नसेल तर बेत बदला.

टप्पा ७: मुक्काम आणि सामान

लॉज नाट्यगृहाच्या जवळ घ्या, स्टेशनच्या जवळ नको. बालगंधर्व, भरत नाट्य मंदिर किंवा टिळक स्मारक मंदिर असेल तर डेक्कन आणि सदाशिव पेठेच्या बाजूला, मुंबईत दादरला. रात्रीचा प्रयोग बाराच्या आसपास सुटतो, तेव्हा चालत खोलीवर जाता येणं ही मोठी सोय असते.

पहाटे पुण्यात उतरलात आणि खोली दुपारी बाराला मिळणार असेल तर मधले सात तास कुठे काढायचे? हे आधीच विचारा. काही लॉज चोवीस तासांचा हिशोब ठेवतात, पहाटे घेतली तर दुसऱ्या पहाटेपर्यंत. खोली आरक्षित करताना फोनवर एकच प्रश्न नीट विचारा: "आम्ही पहाटे पाचला येतोय, तेव्हा खोली मिळेल का, आणि त्याचे वेगळे पैसे किती?" उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. रेल्वेचं तिकीट असेल तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम आधी ऑनलाइन घेता येते.

⚠ नाट्यगृहात सामान ठेवायला जागा नसते. रविवारी खोली सोडून बॅगा घेऊन नाटकाला जाऊ नका. लॉजवाले संध्याकाळपर्यंत बॅगा ठेवून घेतात, किंवा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं.

शाल किंवा स्वेटर प्रत्येकाजवळ हवाच. या दिवसांत बाहेर दुपारी ऊन तापतं आणि आत एसीने हात गार पडतात. म्हातारी माणसं कुडकुडत बसली तर त्यांचं लक्ष नाटकात राहत नाही.

टप्पा ८: शहरातल्या शहरात

पुण्यात मेट्रोने काम बरंच सोपं केलं आहे. पुणे रेल्वे स्टेशनहून वनाझकडे जाणाऱ्या मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरलात की बालगंधर्व चालत गाठता येतं, गाडी बदलावी लागत नाही. स्वारगेटहून येणाऱ्यांनी सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. कोथरूडच्या नाट्यगृहासाठी वनाझच्या बाजूला उतरून रिक्षा करा. रात्री उशिरा सुटणाऱ्या नाटकासाठी मात्र मेट्रोवर विसंबू नका, परतीची रिक्षा किंवा कॅब गृहीत धरा.

मुंबईत रविवारचा मेगाब्लॉक बाहेरगावच्या माणसाला माहीतच नसतो. रविवारी सकाळी दहा-अकरा ते दुपारी चार-पाचच्या दरम्यान मध्य आणि हार्बर मार्गावर दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात, कधी पश्चिम मार्गावरही. दुपारी चारचं नाटक नेमकं त्यातच सापडतं. कोणता मार्ग, कोणती स्थानकं हे शनिवारच्या वर्तमानपत्रात येतं. ते वाचा आणि रविवारी एक तास जास्त हातात ठेवा. दादरला शिवाजी मंदिरासाठी पश्चिमेला उतरा. चुकून पूर्वेला गेलात तर पूल चढून परत यावं लागतं आणि गुडघ्यांचं माणूस तिथेच थकतं.

टप्पा ९: नाट्यगृहात

जाताना पोटभर जेवू नका. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं असतं आणि त्यात बटाटेवड्याची रांग, चहाची रांग आणि स्वच्छतागृहाची रांग, अशा तीन रांगा असतात. आधी माणसं वाटून घ्या. आम्ही दोघांना वड्याला पाठवतो, बाकीचे म्हाताऱ्यांना घेऊन थेट स्वच्छतागृहाकडे. खाणं आत नेऊ देत नाहीत, बाहेरच संपवा.

मोबाइल पूर्ण बंद करा. व्हायब्रेटवर ठेवलेला फोन पर्समध्ये कुईकुई करतो आणि शांत प्रसंगात तो तीन रांगांना ऐकू जातो. गावाकडे सांगून ठेवा की साडेपाच ते साडेआठ फोन लागणार नाही. आमच्या घरच्यांना हे एकदा सांगितलं नव्हतं, तर त्यांनी काळजीने लॉजवर चार फोन केले.

लहान लेकरांना मोठ्यांच्या नाटकाला नेऊ नका. शनिवार-रविवारी सकाळी बालनाट्यं असतात, त्यांना तिकडे न्या. मोठ्यांच्या नाटकाला वयाची अट असेल तर ॲपवर लिहिलेली असते.

टप्पा १०: परतीचा रविवार

रविवारी दुपारी १२.३० किंवा ४ चा प्रयोग घ्या, त्यानंतरचा नको. ४ चं नाटक पावणेसातपर्यंत सुटतं. मुंबईहून आपल्याकडच्या रात्रीच्या गाड्या नऊ-साडेनऊच्या सुमाराला निघतात, म्हणजे बॅगा घेऊन, काहीतरी खाऊन गाडी गाठता येते. साडेपाचचं नाटक घेतलंत तर शेवटच्या वीस मिनिटांत सगळी रांग घड्याळाकडे बघत बसते. गाडी दादरला थांबते की नाही हे तिकीट काढतानाच बघा आणि चढण्याचं स्थानक तेच टाका.

पुण्याहून मध्यरात्रीच्या गाडीने येणार असाल तर संध्याकाळचे चार-पाच तास मोकळे मिळतात. ते बाजारात घालवण्यापेक्षा खोली एक रात्र जास्त ठेवा आणि म्हाताऱ्यांना झोपू द्या. पैसे जातात खरे, पण सोमवारी सकाळी लातूर स्टेशनवर उतरल्यावर माणसं नाटकाबद्दल बोलतात की पायदुखीबद्दल, ते त्यावरच ठरतं.

गाडीत बसलात की आपल्या गावी स्टेशनवर न्यायला कोण येणार त्याला डबा क्रमांक कळवा, आणि पहाटेचा गजर लावूनच झोपा.